शेजाऱ्यांची थडगी

म्हाळाचा स्वयंपाक अकराच्या आत आटपला पाहिजे हा नियम मोरूशेठ असताना होता, आणि ते गेल्यावर, आता पान त्यांचंच ठेवायचं म्हणून, आवडाबाईंनी तो जास्तच कडक केला होता. सानिका पहाटे साडेपाचपासून सासूबाईंच्या हाताखाली उभी होती. वडे तळून झाले, काळ्या वाटाण्याची उसळ झाली, अळू झालं, खीर उतरवली. हात चुलीपाशी असले तरी कान पडवीत होते. तिथं भाविका लादीवर खडूनं चित्रं काढत होती. खडूचा आवाज थांबला की सानिका झारा तसाच धरून दारात येऊन बघे. पोर बसलेली असे, विचार करत, खडू दातात धरून. मग ही परत कढईपाशी.

दहा दिवस हेच चाललं होतं. शाळेत खेळांच्या सरावाला भाविका धावता धावता पडली होती. अडखळून पडली असती तर गुडघे फुटले असते. ती नुसती खाली बसली, आडवी झाली, आणि अर्ध्या मिनिटानं आपली आपण उठून म्हणाली, "माझा नंबर गेला का?" घरात कोणी म्हणालं उपाशीपोटी गेली असेल, कोणी म्हणालं ऊन लागलं. आवडाबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. सानिकाला मात्र ते अर्धं मिनिट सोडत नव्हतं. रूपेशच्या मागे लागून तिनं पोरीला शहरातल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कार्डिओग्रामची पट्टी टेबलावर पसरली, तिच्यावर मोजपट्टी ठेवून तीनदा मोजलं आणि भाविकाबद्दल न विचारता घराबद्दल विचारलं.

घरात कोणी लहान वयात अचानक गेलं आहे का? धावताना, पोहताना?

रूपेश म्हणाला, नाही. एक धाकटे काका गेले होते, पण ते वादळात, होडी उलटून. डॉक्टर म्हणाले, वादळात गेले ते वेगळं. पट्टी काठावरची आहे, नुसत्या पट्टीवरून सांगता येत नाही. वडीलधाऱ्यांना नीट विचारून सोमवारी या. तसं कोणी असेल तर गोळी त्याच दिवशी सुरू, आणि पळणं-पोहणं बंद. नसेल तर उगीच जन्मभराची गोळी एवढ्याशा मुलीला कशाला द्यायची, थांबून बघू.

सानिकानं विचारलं होतं. आवडाबाई म्हणाल्या, "मला काय आठवतंय आता, बाय," आणि तांदूळ निवडायला बसल्या. हरिश्चंद्रकाका, म्हणजे मोरूशेठचे मधले भाऊ, फोनवर म्हणाले की धाकटा तेवढा वादळात गेला, बाकी आपलं घराणं दर्यावर्दी, ठणठणीत, डॉक्टर लोकांना काहीतरी खूळ लागतं. आज रविवार, सप्तमी. उद्या सोमवार. आणि सानिकाच्या हातात अजून काहीच नव्हतं.

रूपेशनं अंगणात पानं मांडली. वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं, आजीचं. चार पानं. पाचवं आवडाबाई स्वतः घेऊन मागल्या दारी गेल्या आणि बिंबलीच्या झाडाखाली ठेवून आल्या. लग्न होऊन आली त्या वर्षी सानिकानं विचारलं होतं, हे कुणाचं? सासूबाई म्हणाल्या होत्या, वाटसराचं. दरवर्षी ते पान चारांसारखंच भरलेलं असे, वडे जरा जास्तच. वाटसराचे एवढे लाड का, हे मात्र सानिकानं विचारलं नव्हतं.

कावळा काही येईना. रूपेश अंगणात हात बांधून उभा राहिला. हरिश्चंद्रकाका पडवीतल्या खुर्चीत बसले होते, ते म्हणाले, "दादाला चीनची सून डोळे भरून बघायची असेल. ती आत बसलीय, म्हणून तो यायचा थांबलाय." सगळे हसले, आणि यानला बाहेर बोलावलं गेलं.

यान ही ओमकारची बायको, सानिकाची धाकटी जाऊ. ओमकार जहाजावर इंजिनिअर. सिंगापुरात दोघांची भेट, तिथंच लग्न, तिथंच घर. यंदा त्याला सुट्टी मिळाली नाही तर ही एकटी आली. म्हणाली, सासऱ्यांचं पहिलं वर्ष आहे, घरातलं कोणीतरी असायला हवं. आल्यापासून तिनं आवडाबाईंना वाटाणे भिजवण्यापासून पानं पुसण्यापर्यंत सगळ्यात हात दिला होता. मराठी तिला वीस-पंचवीस शब्द येत. बाकीचं इंग्रजीत, सावकाश, आणि सानिकानं ते इकडून तिकडे न्यायचं, असं चार दिवस चाललं होतं.

काकांनी तेहेतीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला होता. इंग्रजी त्यांना वाचायला येई, बोलायची लाज वाटे.

"सानिका, विचार तिला," ते म्हणाले, "चीनच्या लोकांना स्वतःच्या देशाचा इतिहास कितपत ठाऊक असतो?"

यानला ते विचारलं तेव्हा ती हसली. काकांना तोंडी परीक्षा घ्यायची आहे का, म्हणाली. मग पाटावर मांडी घालून बसली आणि तिनं आपल्या भाषेत राजघराण्यांची नावं म्हणायला सुरुवात केली. आपल्याकडे पाढे म्हणतात तसं, ठेक्यात, एका श्वासात. भाविका खडू टाकून जवळ आली आणि मांडीवर ताल धरू लागली. यान म्हणाली, हे तिथल्या कुठल्याही रिक्षावाल्याला येतं. तिचे आजोबा अठराशे वर्षांपूर्वीची लढाई अशी सांगत की जणू त्या दिवशी सकाळी तेच घोड्याला चारा घालून आले होते.

काका खूष झाले. पण शिक्षकाचा जीव, ते सोडणार थोडेच.

"हे झालं जुनं. जुनं सगळ्यांनाच येतं. माझा प्रश्न पुढचा. एकोणीसशे साठ साली काय झालं?"

सानिकानं सांगायच्या आधीच यानला आकडा कळला असावा. तिनं केस कानामागे सारले. म्हणाली, पुस्तकात अर्धं पान होतं. 'अडचणीची तीन वर्षं' असं त्याला नाव होतं. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे, म्हणून बाई सांगायच्या, ते घरी वाचा.

काकांनी मांडीवर थाप मारली. "बघा. कोट्यवधी माणसं उपासमारीनं मेली, आणि मुलांना काय, घरी वाचा. मी हे वर्गात सांगायचो. तिचा दोष नाही, तिथं कोणी सांगूच देत नाही. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे माणूस उघड बोलतो."

"भाऊजी," आवडाबाई आतून म्हणाल्या, "पोर पाव्हणी आलीय. जेवू दे आधी तिला."

काका काय म्हणाले, असं यानच्या डोळ्यांनी विचारलं. सानिकानं त्यातला टोमणा काढून उरलेलं सांगितलं. यानला बहुधा टोमणाही पोचला, कारण ती म्हणाली, काका बरोबर आहेत, पण पूर्ण बरोबर नाहीत. आणि मग ती बोलत राहिली, आणि आवडाबाई पानं पुसत उंबऱ्यात येऊन बसल्या म्हणून सानिका वाक्य वाक्य करून त्यांच्यासाठी मराठीत आणत गेली.

यानच्या वर्गातली एक मुलगी होती, तिला सगळं ठाऊक होतं. बाहेरच्या देशातलं कुठून कुठून वाचायची. एकीनं कधी ऐकलंच नव्हतं. एकीनं ऐकलं होतं, पण कोणी बोललं की तिला राग येई, आपल्याच देशाची निंदा कशाला म्हणून. आणि यान स्वतः? तिचं गाव सासरच्या मूळ गावासारखं, नाट्यासारखंच, समुद्राकाठचं, मासेमारीचं. एप्रिलात थडगी झाडायचा सण असतो. सगळं घर डोंगरावर जातं, पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत काढतं, फळं ठेवतं. पणजोबांच्या थडग्यापलीकडे दोन उंचवटे होते, लहान, नावाचा दगड नसलेले. आजी सगळ्यांचं झालं की शेवटी तिथलं गवत काढायची. नखांनी, मुळापासून.

"मी विचारलं, ही कुणाची?" सानिका यानचं वाक्य मराठीत आणत म्हणाली. "तर आजी म्हणायची, शेजाऱ्यांची."

आवडाबाईंचा पान पुसणारा हात थांबला.

यान पुढं सांगत होती. आजी गेली तेव्हा ही सत्तावीस वर्षांची होती. आत्यानं तेव्हा सांगितलं की ते दोघं आजीचेच मुलगे, एक चार वर्षांचा, एक दोन. साठ सालचे. गावात प्रत्येक घरचे असे कोणी ना कोणी होते, म्हणून कोणीच कोणाला विचारत नसे. यानच्या बाबांना ठाऊक होतं, तिच्या काकांना ठाऊक होतं. सरकारचा माणूस काही दारात उभा नव्हता, यान म्हणाली; आजीला कोणी म्हटलं नव्हतं की आपल्या नातीला शेजारी म्हणून सांग. एकदा सांगितलं, मग दरवर्षी तेच सांगावं लागलं.

"आम्हाला ठाऊक नसतं असं नाही," सानिकानं शेवटचं वाक्य आणलं, आणि आणताना तिचा स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "आपल्या घरात कुठं बघायचं नाही, ते ठाऊक असतं."

सानिका सासूबाईंकडे बघत होती. त्यांच्या मांडीवर केळीचं पान होतं आणि त्या मान वळवून आतून आरपार मागल्या दाराकडे बघत होत्या. दहा वर्षं ती जे पान बघत आली होती ते तिला पहिल्यांदा दिसलं.

"आई," ती म्हणाली, "मागलं पान कुणाचं?"

"सांगितलं ना गो तुला."

"वाटसराचं नाही ते."

आवडाबाईंनी पान बाजूला ठेवलं. पदरानं ओठ पुसले. "महिपतचं," त्या म्हणाल्या.

महिपत म्हणजे तेच धाकटे काका, वादळात गेलेले. रूपेश अंगणातून म्हणाला, "त्यांचं चवदसाला असतं ना? बुडून गेलेल्यांचं चवदसाला. दरवर्षी ठेवतो आपण."

"ते लोकांसाठी रे. हे त्याचं." आवडाबाई कोणाकडेच बघत नव्हत्या. "ज्याला पाण्यानं मारलं नाय, त्याचं पान बुडालेल्यांबरोबर कसं पोचायचं? म्हणून मी घरच्यांबरोबर ठेवते. आणि चवदसाचं ठेवते ते तुमच्या काकांची गोष्ट खोटी पडू नये म्हणून."

"वहिनी," हरिश्चंद्रकाका म्हणाले.

"तुम्ही व्हतात होडीत, भाऊजी. मी नव्हते. तुम्ही सांगा."

काकांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला आणि परत डोळ्यांवर घातला नाही. पुढचं त्यांनी सांगितलं ते शिक्षकासारखं नव्हतं. मागचं पुढं, पुढचं मागं झालं. चाळीस वर्षांपूर्वीची मे महिन्याची सुट्टी. नाट्याहून दोघं भाऊ होडी घेऊन निघालेले, हे सत्तावीसचे, महिपत बाविसाचा. जाळ्याचा दोर इंजिनाच्या पंख्यात गुंतला. महिपत उडी टाकून खाली गेला, दोर सोडवून वर आला, हसला, आणि जाळ्याचं सुटलेलं टोक आणायला पोहत निघाला. सगळ्या वाडीत त्याच्यासारखा पोहणारा नव्हता. दहा-बारा हात मारले असतील.

"पोहता पोहता थांबला," काका म्हणाले. "बुडणारा माणूस धडपडतो. तो नुसता थांबला. मी हाक मारेपर्यंत तोंड पाण्यात गेलं होतं. पाणी तेलासारखं होतं, सानिका. त्या दिवशी वारा नव्हताच. वारा मी आणला."

का आणला ते त्यांनी सांगितलं, आणि कोणी विचारलं नसतानाही पुन्हा पुन्हा सांगितलं. बहिणीचं लग्न आठ दिवसांवर होतं. चांगला पोहणारा माणूस शांत पाण्यात गेला म्हटलं की मुलाकडचे म्हणणार, ह्या घरात फेफरं आहे. मग बहिणीचं मोडलं असतं, पुढं कोणाचंच जमलं नसतं. किनाऱ्याला आल्यावर मोरूदादानं सांगितलं, हरी, तू शिकलेला आहेस, तुझं ऐकतील. त्यानं होडी परत पाण्यात नेऊन उलटी केली आणि ओढत आणली. काकांनी पोलीस पाटलाला वावटळीचं सांगितलं. लग्न झालं. नंतर वर्षानुवर्षं लोकच त्यात भर घालत गेले. कोणी म्हणे लाटा माडाएवढ्या होत्या. आता त्यांना स्वतःलाच कधी कधी त्या लाटा आठवत.

"मी परवा तुम्हाला फोनवर विचारलं," सानिका म्हणाली. "पोरीसाठी विचारलं. पोहताना कोणी गेलं का, असे शब्द वापरून विचारलं."

काकांनी मान हलवली. "तू विचारलंस तेव्हा माझ्या तोंडात वारा आपोआप आला."

रूपेश पायरीवर बसला होता. त्याचा राग काकांवर न निघता आईकडे वळला. लहानपणी त्याला पाण्यात उतरू दिलं नव्हतं. कान फुटतील, थंडी भरेल, एक ना अनेक. बाराव्या वर्षी तो चोरून शिकला आणि आईनं दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला होता. "तेव्हाच सांगितलं असतंस तर," तो म्हणाला आणि थांबला. मग अगदी हळू म्हणाला, "भाविकाला आज भाट्याच्या किनाऱ्यावर नेणार होतो मी. पोहायला शिकवायला. कोळ्यापागऱ्यांच्या पोरीला पाण्याचं भय नको म्हणून. म्हाळ आला, म्हणून राहिलं."

सानिकानं भाविकाला ओढून मांडीवर घेतलं. आठ वर्षांची पोर मांडीत मावत नव्हती, तरी घेतलं. यानला शब्द कळले नव्हते, पण माणसं कळत होती. ती उठून आवडाबाईंच्या शेजारी जाऊन बसली आणि तिनं पुसायची राहिलेली पानं आपल्याकडे ओढली. दोघी जणी पानं पुसू लागल्या.

काका जेवल्याशिवायच निघाले. चपला शोधत होते, सापडत नव्हत्या. आवडाबाईंनी त्यांना थांबवलं.

"म्हाळाच्या घरातून उपाशी जायचं नाय. आणि उद्या डॉक्टराकडे तुम्ही यायचं. माझं तो ऐकंल न ऐकंल. तुम्ही व्हतात तिथं."

*

सोमवारी अकराला सगळे दवाखान्यात होते. भाविकाला बाहेर बाकावर यानपाशी बसवून चौघं आत गेली. खोलीत खुर्च्या तीनच होत्या. रूपेश भिंतीला टेकून उभा राहिला.

डॉक्टरांनी कोरा कागद घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, असं सांगून ते काढत गेले. खाली भाविकाचा गोल, वर रूपेशचा चौकोन, शेजारी सानिका, ओमकार. त्याच्या वर मोरूशेठ आणि आवडाबाई, मग हरिश्चंद्रकाका, त्यांची बहीण, आणि शेवटी महिपत. काकांनी सांगितलं. ह्या वेळी सरळ, न अडखळता, जसं झालं तसं. वर्गात सनावळ्या सांगत तशा आवाजात, फक्त हात गुडघ्यांवर घट्ट धरून. डॉक्टर मध्ये एकदाच बोलले. "पोहता पोहता थांबले, असं म्हणालात?" काका हो म्हणाले. डॉक्टरांनी महिपतच्या चौकोनावरून तिरकी रेघ मारली.

गोळी आजपासून सुरू करू, ते म्हणाले. रक्ताची तपासणी मुंबईला पाठवायची. रूपेशचा आणि ओमकारचाही कार्डिओग्राम हवा, कारण इथं हे बापाकडून आलेलं दिसतं आणि बापाला पत्ताही नसतो. गोळी घेत राहिली तर मुली मोठ्या होतात, लग्नं होतात, मुलं होतात. सानिका एकेक शब्द ऐकत होती. दहा दिवसांत पहिल्यांदा तिला श्वास पुरा घेता आला, आणि तो घेतल्याची लाज वाटली.

डॉक्टरांनी पेन मिटता मिटता रीत म्हणून विचारलं, "आणखी कोणी?"

"नाही," रूपेश म्हणाला.

हरिश्चंद्रकाका जमिनीकडे बघत होते. सानिकानं ते पाहिलं, आणि मग तिनं सासूबाईंकडे पाहिलं. आवडाबाई कागदाकडे बघत होत्या, त्यांच्या आणि मोरूशेठच्या खाली ओढलेल्या रेघेकडे, जिला दोन चौकोन लटकले होते.

"रूपेशच्या आधी एक गोल काढा," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी वर पाहिलं.

"सात वर्षं दोन महिन्यांची व्हती. महिपतनंतर तिसऱ्या वर्षी. नाट्याच्या खाडीत पोरींबरोबर खेळत व्हती, कमरेएवढ्या पाण्यात. रूपेश माझ्या पोटात व्हता. त्याच महिन्यात आम्ही नाटं सोडलं नि इकडे आलो. इकडे कोणाला माहीत नव्हतं, म्हणून कोणी विचारलं नाय. नाय विचारलं, म्हणून मी सांगितलं नाय."

"कोण?" रूपेश भिंतीपासून पुढं झाला होता. "आई, कोणाबद्दल बोलतेयस?"

"तुझी बहीण रे. थोरली."

त्यानं काकांकडे पाहिलं. काकांनी मान वर केली नाही. दाराबाहेरून भाविकाचं हसणं ऐकू आलं आणि यानचं काहीतरी समजावणं.

डॉक्टरांनी रूपेशच्या चौकोनाच्या डावीकडे जागा करून लहानसा गोल काढला, रेघेला जोडला, आत सात असा आकडा टाकला आणि त्यावरून हळूच तिरकी रेघ ओढली. आवडाबाईंनी हात पुढं करून कागद थोडा आपल्याकडे वळवला. त्या गोलावर त्यांनी बोट ठेवलं नाही, शेजारी ठेवलं.

"ह्याच्यात नाव नाय का लिहीत?"

"लिहीत नाही, आजी. नुसती खूण पुरते."

"लिहा," त्या म्हणाल्या. "हौसा."

डॉक्टरांनी मिटलेलं पेन पुन्हा उघडलं.